फलाची ओळख : टकळीपासून आलेखापर्यंत

दिवेलागणीनंतर शहरातील कोणत्याही सुशिक्षित घरात डोकावून पाहावे. अकरावीतले मूल गणिताचे पुस्तक उघडून बसलेले असते, आणि पानावर दोन अक्षरे, एक कंस आणि एक बाण एवढाच मजकूर असतो. घरातील वडीलधारे माणूस सहज विचारते, "हे काय चालले आहे?" उत्तर येते, "फंक्शन." "म्हणजे काय?" त्यावर उत्तर येते, "एफ ऑफ एक्स." संवाद येथेच संपतो. विचारणाऱ्याला काही कळलेले नसते. आणि खरे म्हणजे सांगणाऱ्यालाही कळलेले नसते. यातूनच पुढे "आमच्या मुलाला गणिताची गोडी नाही" हे वाक्य जन्मास येते, आणि ते एकदा घरात रुळले की मुलाच्या पुढील आयुष्याची दिशा पुष्कळदा त्यानेच ठरते.

वास्तविक या मुलाची आणि फलाची ओळख नवी नसते. महाराष्ट्रात मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलाने आठवीत 'चलन' हा पाठ केलेला असतो. एक राशी वाढली असता दुसरी त्याच प्रमाणात वाढते की घटते, हे त्याने तेथे पाहिलेले असते. दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आलेखही त्याने काढलेले असतात. त्यानंतर विज्ञानशाखेत गेल्यावर पुस्तकाची भाषा इंग्रजी होते, आणि तीच जुनी ओळखीची गोष्ट नव्या पोशाखात पुढे येऊन उभी राहते. मूल पोशाखाकडे पाहत बसते आणि माणूस ओळखीत नाही. ही ओळख पटवून कशी द्यावी, आणि त्या कामी यंत्राचा उपयोग कितपत व केव्हा करावा, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे. या विषयाचा एक धागा वर्धा जिल्ह्यातून निघतो. तो धागा अक्षरशः सुताचा आहे.

प्रथम फल म्हणजे काय ते साध्या शब्दांत पाहिले पाहिजे. दोन राशी अशा रीतीने एकमेकींशी बांधलेल्या असाव्यात की पहिलीची किंमत ठरली म्हणजे दुसरीची एक आणि एकच किंमत ठरून जावी. तर दुसरी राशी ही पहिलीचे फल होय. साखर किती किलो घेतली हे ठरले की पैसे किती द्यावयाचे ते ठरते. दिवसातली वेळ सांगितली की त्या वेळचे तापमान एकच असते. उलट तापमान सांगितले तर वेळ ठरत नाही. कारण सकाळी चढताना आणि सायंकाळी उतरताना पारा तीच खूण दोनदा ओलांडतो. म्हणून तापमान हे वेळेचे फल आहे, परंतु वेळ ही तापमानाचे फल नाही. व्याख्येतील 'एक आणि एकच' या शब्दांचे महत्त्व एवढ्याने ध्यानात येईल.

'फल' हा शब्द आपल्या गणितात फार जुना आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटीयात त्रैराशिकाची रीत दिली आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीतही ती आहे. या रीतीत तीन राशी असतात : प्रमाण, फल आणि इच्छा. पाच शेर तांदळाला अमुक पैसे, तर सात शेरांना किती? यांत पाच शेर हे प्रमाण, त्याचे पैसे हे फल आणि सात शेर ही इच्छा; जे उत्तर येते त्याला 'इच्छाफल' म्हणतात. इच्छा म्हणजे गिऱ्हाईक आपल्या मनाने घेते ती राशी, आणि इच्छाफल म्हणजे त्या इच्छेबरोबर ठरून येणारी राशी. अकरावीच्या पुस्तकातील एक्स ही इच्छा होय, आणि एफ ऑफ एक्स हे इच्छाफल होय. एवढे जरी मुलाला सांगितले, तरी त्या कंसातील अर्धी भीती निघून जाते. त्रैराशिकाशेजारीच आपल्या पूर्वसूरींनी व्यस्त त्रैराशिकही ठेवले आहे. म्हणजे एक राशी वाढली असता दुसरी कमी होते, असाही संबंध असतो हे त्यांनी मांडलेले होते.

तथापि त्रैराशिकापाशी थांबून चालत नाही; कारण जगातील सर्व संबंध सम किंवा व्यस्त प्रमाणाचे नसतात. पाण्याची घागर घ्यावी. तिच्यात एकेक पेला पाणी ओतावे, आणि प्रत्येक पेल्यानंतर आत उभी पट्टी धरून पाण्याची उंची मोजावी. बुडाशी घागर निमुळती असल्यामुळे पाणी भराभर चढते. पोटापाशी घागर रुंद होते आणि पाणी सावकाश चढू लागते. पुढे गळ्याशी येताच ते पुन्हा झपाट्याने वर येते. किती पेले ओतले हे ठरले की उंची ठरलीच, म्हणून उंची हे पेल्यांचे फल आहे. पण या फलाचे सूत्र कोणता कुंभार सांगू शकेल? सूत्र नाही, तरी फल आहे. आणि कागदावर खुणा करून जोडल्या की त्याची वळणे घेणारी रेषाही डोळ्यांसमोर उभी राहते. युरोपातील गणितज्ञांनाही येथवर येण्यास बराच काळ लागला. ऑयलर यांनी १७४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फल म्हणजे एक राशिपद, म्हणजे सूत्रच, अशी व्याख्या केली होती. सूत्र असो वा नसो, एकीबरोबर दुसरी ठरली म्हणजे झाले, ही व्यापक कल्पना डिरिख्ले यांनी १८३७ साली स्पष्टपणे मांडली. शाळेतील मूल पुष्कळदा ऑयलरपाशीच अडकून पडते. ते सूत्र पाठ करते, सूत्रात आकडे घालते, उत्तर काढते. आणि दोन राशी एकमेकींबरोबर कशा चालतात हे पाहावयाचे राहून जाते.

हे 'पाहणे' शाळेत आणावे अशी चळवळ जर्मनीत फेलिक्स क्लाइन यांनी केली, आणि १९०५ सालच्या मेरान येथील आराखड्यात फलविषयक विचार हा शालेय गणिताचा कणा असावा असे सुचविण्यात आले. मुलाने सूत्राआधी संबंध पाहावा, असा त्याचा आशय होता. परंतु मुलाने राशी हाताळावी कोणती? हा प्रश्न हिंदुस्थानातील खेड्यातल्या शाळेत, जेथे फळा आणि पाटी यांपलीकडे साधन नाही, तेथे फारच कठीण होता. त्याचे एक उत्तर वर्ध्याहून आले.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. मुलाचे शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या द्वारे व्हावे, असा विचार तीत मांडला गेला. टकळीवर सूत कातताना तार मोजणे, सुताचा अंक काढणे यांतून अंकगणित शिकविता येईल, असे गांधीजींचे म्हणणे होते. परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा आदी मंडळी होती. समितीचा अहवाल त्याच वर्षी डिसेंबरात तयार झाला. पुढील वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला, आणि आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने वर्ध्याजवळच्या सेवाग्रामी, म्हणजे त्या काळच्या शेगावी, हे काम चालविले. हीच 'वर्धा योजना' किंवा 'नयी तालीम' होय. अहवालात गणिताचा हेतू असा सांगितला आहे की, व्यवसायात, घरात व समाजात जे आकडेमोडीचे आणि भूमितीचे प्रश्न नेहमी उभे राहतात, ते झटपट सोडविण्याची शक्ती मुलात यावी.

अहवालात फल हा शब्द नाही. आठवीच्या आतील मुलांसाठी त्याची गरजही नव्हती. परंतु टकळी हातात घेऊन बसलेल्या मुलाभोवती फले किती आहेत, हे पाहण्यासारखे आहे. सूतकताईचे त्या काळचे माप असे होते : ४ फुटांचा १ तार, १६० तारांची १ लटी, आणि ४ लटींची, म्हणजे ६४० तारांची, १ गुंडी. मुलाने सूत फाळक्यावर गुंडाळावे आणि फेरे मोजावेत; फेऱ्यांची चौपट केली की फूट मिळतात. हे पहिले फल. याचा आलेख म्हणजे शून्यातून निघणारी अगदी सरळ रेषा. येथे चूक संभवत नाही, कारण हा संबंध मापानेच ठरवून दिलेला आहे.

दुसरे फल वेळ आणि तार यांचे. समजा, एका मुलाने पहिल्या १५ मिनिटांत २२ तार काढले, ३० मिनिटांअखेर ४४ झाले, ४५ मिनिटांअखेर ६४ आणि तासाअखेर ८०. पहिला अर्धा तास रेषा सरळ चालली. नंतर ती खाली झुकू लागली. का झुकली? हात भरून आला, की पेळू संपत आला, की शेजारच्या मुलाशी गप्पा सुरू झाल्या? रेषेचे झुकणे पाहून मुलाने हा प्रश्न विचारला, तेव्हा खरे गणित सुरू झाले असे समजावे. आता गुरुजींनी विचारावे, पहिल्या अर्ध्या तासाचीच चाल धरली तर ८ तासांत किती तार होतील? त्रैराशिक सांगते, ७०४. वर्गातील प्रत्येक मूल हसेल. कारण असे होणे नाही, हे त्याच्या मनगटाला ठाऊक आहे. सरळ रेषा जेवढी मोजली तेवढ्यापुरतीच खरी. तिच्यापुढे ती ताणावयाची तर कारण पाहिजे. केवळ पुस्तकावर शिकलेल्या मुलाला हे हसू येत नाही. ते ७०४ हे उत्तर दुहेरी रेघ मारून खाली लिहिते.

तिसरे फल याहून सूक्ष्म आहे. सुताचा अंक म्हणजे काय? जुन्या इंग्रजी पद्धतीत एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लटा बसतील, तितका त्या सुताचा अंक. अर्थात अंक जितका मोठा, तितके सूत बारीक. ६४० तारांची गुंडी म्हणजे २,५६० फूट, म्हणजे ८५३ यार्ड व १ फूट. हिशोब केला असता असे दिसते की गुंडीचे वजन सुमारे ४६० ग्रॅम भागिले सुताचा अंक, इतके येते. १० अंकी सुताची गुंडी ४६ ग्रॅम भरते, २० अंकीची २३, ३० अंकीची १५ हून थोडी जास्त आणि ४० अंकीची साडेअकरा. हेच व्यस्त त्रैराशिक. परंतु आलेख काढला म्हणजे त्रैराशिकात न दिसणारी एक गोष्ट दिसते. १० वरून २० अंकावर गेल्यास वजन २३ ग्रॅमने उतरते. ३० वरून ४० वर गेल्यास ४ ग्रॅमनेही उतरत नाही. पाऊल तेवढेच, पण उतार निराळा. रेषा प्रथम कड्यासारखी कोसळते आणि मग पठारासारखी पसरत जाते. मुलाने आपली गुंडी तराजूत घालावी, वजन पाहावे, आणि या रेषेवरून आपल्या सुताचा अंक वाचावा. मग गणित करून ताडून पाहावा. मेट्रिक पद्धतीत तर हा हिशोब अधिकच सुटसुटीत होतो, कारण तेथे १ किलो सुतात जितके किलोमीटर लांबी, तितका अंक.

एका टकळीतून याप्रमाणे तीन फले निघाली : एक सरळ, एक झुकणारे, एक कोसळून पसरणारे. मुलाने ती पाहिली, कारण त्या राशी त्याच्या स्वतःच्या हातून निघाल्या होत्या. टकळी ही सूत काढण्याचे साधन होतीच. शिवाय ती बदलत्या राशी निर्माण करणारे आणि मोजता येणारे एक यंत्रही होती. पाव पैशाच्या साधनात एक प्रयोगशाळा होती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मग हे सर्व टिकले का नाही? याचे उत्तर समितीच्या अहवालातच सूचनेच्या रूपाने आढळते. शिक्षणाचा व संस्कृतीचा हेतू मागे पडून आर्थिक बाजूवरच भर दिला जाईल, आणि शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यातच आपली शक्ती वेचतील, असा धोका अहवालात स्पष्ट नमूद केला होता. पुढे पुष्कळ ठिकाणी तसेच झाले. टकळी फिरत राहिली. तार मोजले गेले ते हजेरीपुरते. आणि 'असे का झाले' हा प्रश्न कोणी विचारला नाही. साधन उरले आणि विचार गेला. विचार गेल्यावर साधनाचाही कंटाळा आला, आणि मुले व पालक दोघेही टकळीला नावे ठेवू लागले. सेवाग्रामात मात्र ती परंपरा पुन्हा जागविण्यात आली आहे. तेथील आनंद निकेतन ही शाळा २००५ सालापासून नयी तालीमच्या तत्त्वांवर चालते, आणि शेती, स्वयंपाक व सूतकताई यांच्या द्वारे मुले तेथे विषय शिकतात.

टकळीची ही हकीकत आज सांगण्याचे कारण असे की, तिच्या जागी आता दुसरे साधन घरोघर आले आहे. हातातल्या फोनवर कोष्टक मांडता येते आणि क्षणात आलेख निघतो. साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलेले जिओजेब्रा हे साधन शाळांना विनामूल्य वापरता येते. त्यात सूत्र लिहिले की रेषा उमटते, आणि पडद्यावरची एक खूण बोटाने सरकविली की ती रेषा डोळ्यांदेखत वाकते. पूर्वी जे पाहण्यास शंभर आलेख काढावे लागत, ते आता मिनिटभरात दिसते. हा लाभ थोडा नव्हे. परंतु टकळीच्या बाबतीत जो धोका होता, तोच येथेही आहे. रेषा नाचताना पाहून मुलाची करमणूक होते. आडव्या अक्षावर काय आहे आणि उभ्यावर काय, असे विचारले तर ते गप्प बसते. टकळी फिरली आणि गणित झाले नाही. तशी रेषाही फिरेल आणि गणित होणार नाही.

यास्तव क्रम महत्त्वाचा आहे. मुलाने आधी राशी हाताने मोजावी. मग ती कोष्टकात लिहावी. मग पुढची किंमत काय येईल आणि रेषा कशी वळेल याचे भाकीत करून ते कागदावर, चुकीचे का होईना, रेखाटावे. आणि त्यानंतरच यंत्राला आलेख काढू द्यावा. शेवटी आपले भाकीत आणि यंत्राची रेषा यांत फरक का पडला, याचे कारण तोंडाने सांगावे. भाकीत केलेल्या मुलाला यंत्र उत्तर देते. न केलेल्या मुलाला ते केवळ चित्र दाखविते. घागरीचा प्रयोग या क्रमाने एकदा घरी करून पाहावा. खर्च एका घागरीचा, एका पेल्याचा आणि तासभर वेळेचा आहे.

जेथे यंत्रावाचून चालणारच नाही, असाही एक प्रसंग आहे, आणि तो वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घराशी निगडित आहे. हा कापसाचा मुलूख. पेरणीच्या तोंडावर पैसा लागतो आणि तो पुष्कळदा व्याजाने काढावा लागतो. समजा, १०,००० रुपये दरमहा दरशेकडा २ रुपये व्याजाने घेतले, आणि मध्ये काहीच फेडले नाही. सरळव्याजाने वर्षाअखेर १२,४०० रुपये होतात. दरमहा चक्रवाढ लावली तर १२,६८२. फरक २८२ रुपयांचा. पहिल्या वर्षाचा आलेख काढला तर दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर पडलेल्या दिसतात, आणि पाहणारा म्हणतो, "एवढ्याने काय होते!" आता तोच आलेख ३ वर्षांपर्यंत न्यावा : सरळव्याजाने १७,२००, चक्रवाढीने २०,३९९. तो ६ वर्षांपर्यंत न्यावा : २४,४०० आणि ४१,६११. १० वर्षांअखेर सरळव्याजाची रक्कम ३४,००० असते, आणि चक्रवाढीची १,०७,६५२ झालेली असते. प्रथम आडवी पडल्यासारखी दिसणारी रेषा आता उभी राहिली आहे.

हे १२० महिन्यांचे कोष्टक हाताने करावयाचे म्हणजे मुलाचा सबंध आठवडा जाईल. यंत्र ते निमिषात करते. मग व्याजाच्या दराची खूण बोटाने सरकवावी, पण प्रथम भाकीत करावे : दर दरमहा शेकडा १ वरून ३ झाला, म्हणजे तिप्पट झाला, तर १० वर्षांनी रक्कम किती पट होईल? बहुतेक मुले, आणि मोठी माणसेही, 'तिप्पट' असे सांगतील. यंत्र सांगते, शेकडा १ ने ३३,००४ रुपये होतात, आणि शेकडा ३ ने ३,४७,००० हून अधिक. दर तिप्पट, रक्कम दहापटीहून जास्त. येथे मुलाचे भाकीत मोडते, आणि ज्या क्षणी ते मोडते त्या क्षणी चक्रवाढीचे फल त्याच्या मनात कायमचे घर करते. शिवाय आणखी एक धडा मिळतो : आलेख किती लांबीचा दाखविला यावर त्यातून काय दिसेल ते अवलंबून असते. ज्याला फसवावयाचे असते, तो पहिल्या वर्षाएवढाच तुकडा दाखवितो. ज्याला फल कळले आहे, तो म्हणतो, "रेषा पुढे न्या."

२००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी जी मदतयोजना जाहीर केली, तीतील सहा जिल्ह्यांत वर्धा जिल्हा होता. त्या दुःखाची कारणे पावसात, भावात, बाजारात आणि कायद्यात आहेत. ती गणिताच्या तासाने दूर होणारी नव्हेत, आणि तसे म्हणणे हा त्या घरांचा अपमान होईल. परंतु ज्या जिल्ह्यात कर्जाची रेषा इतक्या घरांवरून गेली, तेथील शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला ती रेषा वाचता येऊ नये, हेही बरे नव्हे. फल हा विषय केवळ परीक्षेच्या गुणांचा नाही, असे म्हणावयाचे ते याचसाठी.

शहरातील घरांनाही फले शोधण्यास दूर जावे लागत नाही. महाराष्ट्रातील घरगुती विजेचे देयक पाहावे. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० युनिटांना दुसरा, त्यापुढे तिसरा, अशी ती रचना असते. पुष्कळ सुशिक्षित माणसांची समजूत अशी असते की १०१ वे युनिट जळले की सर्वच युनिटांना वरचा दर लागतो. तसे नाही, वरचा दर फक्त वरच्या युनिटांनाच लागतो. आलेख काढल्यास रेषा १०० पाशी वाकते, पण तुटत नाही. उलट एस.टी.चे भाडे ६ किलोमीटरांच्या टप्प्यांनी वाढते; तेथील आलेख म्हणजे जिना. टप्पा ओलांडला की भाडे एक पायरी चढते, आणि पुढच्या टप्प्यापर्यंत तेवढेच राहते. एक फल वाकणारे, एक पायऱ्यांचे. दोन्ही आपण महिन्यातून कितीदा तरी भरतो, आणि कधी पाहत नाही.

पालकांनी मुलाला सूत्र शिकविण्याच्या भानगडीत पडू नये. ते काम शिक्षकाचे आहे. पालकांनी चार प्रश्न विचारावेत : यांत बदलते काय? त्याबरोबर दुसरे काय बदलते? पहिले ठरले की दुसरे एकच ठरते का? आणि रेषा पुढे नेली तर ती कोठे जाईल? हे चार प्रश्न देयकाला विचारता येतात, घागरीला विचारता येतात, व्याजाला विचारता येतात. आणि अकरावीच्या पुस्तकातील त्या कंसालाही विचारता येतात. विचारण्यासाठी गणित येणे आवश्यक नाही. उत्तराची वाट पाहण्याची सवड मात्र पाहिजे.

टकळी लाकडाची आणि लोखंडाची होती, फोन काचेचा आहे. दोन्ही साधनेच, आणि साधन आपण होऊन काहीच शिकवीत नाही. सूत मुलाच्या हातून निघाले पाहिजे, भाकीत त्याच्या तोंडून निघाले पाहिजे, आणि चुकले तर ते का चुकले हेही त्यानेच सांगितले पाहिजे. इच्छा मुलाची असली, तरच जे मिळते त्याला इच्छाफल म्हणावयाचे.